हाली रुपयाची प्रतवारी संगणक करील, पण त्याला शिकवणार कोण?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या सराफांच्या दुकानांत लग्नसराईच्या तोंडावर जुनी चांदी मोडायला आणणाऱ्यांची रीघ लागते. पैंजण, वाळे, करदोडा आणि त्यांच्याबरोबर आजीच्या डब्यातून निघालेले चार-दोन चांदीचे रुपये. सराफ नाणे काट्यावर ठेवतो, शंका आली तर टंच काढतो आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे मोजून देतो. वजन किती आणि चांदी किती, एवढेच तो पाहतो. नांदेडच्या सराफ्यातही हाच व्यवहार चालतो आणि तो चोख असतो. पण त्याच नाण्याबद्दल एक तिसरा प्रश्नही असतो: ते कोणत्या अवस्थेत आहे? ठसा किती शाबूत आहे, झीज किती झाली, मूळ झळाळी टिकली आहे का? संग्राहकाच्या हिशेबी या प्रश्नाचे उत्तर कधी कधी चांदीच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

जगभरात या तिसऱ्या प्रश्नावर मोठा व्यवसाय उभा आहे. नाण्याची प्रतवारी करायची, त्याला आकडा द्यायचा आणि ते प्लास्टिकच्या डबीत सील करायचे, हे काम काही दशके तज्ज्ञांचे डोळे करत आले. आता त्यांच्या शेजारी संगणक येऊन बसला आहे. उद्या मोबाइलवर फोटो काढताच नाण्याची प्रत कळेल, असे दिवस फार लांब नाहीत. मात्र मराठवाड्यातल्या घराघरांत जी नाणी आहेत, ती या संगणकाला ओळखता येतील का, हा प्रश्न नांदेड-लातूरकरांनी आताच विचारायला हवा.

हाली आणि कलदार

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड जिल्हा होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि त्याचा वेगळा जिल्हा 1982 मध्ये झाला. संस्थानाचे चलन स्वतःचे होते. त्याला म्हणायचे हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सोलापूरकडे माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला दोन्हींचा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे: सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांना 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै.

हा दर हवेतून आलेला नव्हता. हाली रुपयाचे वजन सुमारे 11.18 ग्रॅम आणि त्यात चांदी 81.8 टक्के. कलदाराचे वजन 11.66 ग्रॅम आणि चांदी 91.7 टक्के. हिशेब केला तर हालीत सव्वानऊ ग्रॅमच्या आत आणि कलदारात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी निघते. सात आणि सहाचे प्रमाण जवळजवळ तंतोतंत जुळते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, 1903 मध्ये, हैदराबादच्या सैफाबाद भागात नवी टांकसाळ सुरू झाली आणि चारमिनारचे चित्र असलेली यंत्रावरची देखणी नाणी पडू लागली. आज त्याच वास्तूत नाण्यांचे संग्रहालय आहे. हा चारमिनारचा रुपया हातात आला तर भिंगाखाली जरूर पाहावा. मध्यभागी चारमिनार, भोवती फारशीत निजामाचे किताब, मागच्या बाजूला किंमत, कारकिर्दीचे वर्ष आणि ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे नाव. चारमिनारच्या मधल्या कमानीत, म्हणजे दारातच, एक छोटेसे फारशी अक्षर बसवलेले दिसते. ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अलींचे. ‘ऐन’ असेल तर 1911 मध्ये गादीवर आलेल्या शेवटच्या निजामाचे, उस्मान अलींचे. उस्मान अलींच्या अगदी पहिल्या नाण्यांवर हे ‘ऐन’ अर्धेच कोरले आहे, पुढच्या नाण्यांवर ते पूर्ण आहे. अर्धे ‘ऐन’ कमी काळ चालले, म्हणून संग्राहक त्याच्या शोधात असतात.

दारातल्या त्या अक्षराचा आकार तांदळाच्या कणीएवढाही नाही. काट्यावर दोन्ही रुपये सारखेच भरतात आणि टंचही सारखाच येतो. फरक कळतो तो फक्त पाहणाऱ्याला.

सत्तरपैकी किती?

नाण्याची प्रत आकड्यात सांगण्याची पद्धत अमेरिकेतली. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. त्यामागे बाजारभावाचे गणित होते: जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला एक डॉलर मिळत असेल, तर निर्दोष नाण्याला सत्तर मिळावेत. भाव नंतर बदलले, ते गणित कोसळले, मोजपट्टी मात्र राहिली. आज 60 आणि त्यावरचा आकडा म्हणजे चलनात न फिरलेले नाणे, 50 ते 58 म्हणजे किंचित हाताळलेले, आणि खाली उतरत जावे तशी झीज वाढलेली.

याच शेल्डनची दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभराहून अधिक उत्तम सेंट नाणी त्याने काढून घेतली आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीची ठेवली. तो 1977 मध्ये वारला. चोरी उघड व्हायला पुढे बरीच वर्षे गेली आणि पुराव्याच्या कामी आली ती मूळ नाण्यांची जुनी छायाचित्रे. प्रत्येक नाण्यावर ओरखडे, डाग, ठोके यांची स्वतःची अशी ठेवण असते. ती छायाचित्रात एकदा नोंदली गेली की नाणे कुठेही गेले तरी ओळखता येते. संगणकाचा नाण्यांच्या जगात जो खरा उपयोग आहे, त्याचे बीज या प्रकरणात दिसते.

तज्ज्ञांकडून प्रतवारी करून नाणे सीलबंद करणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या अनुक्रमे 1986 आणि 1987 मध्ये सुरू झाल्या. धंदा वाढला, तशी एक अडचणही वाढली. माणसाचा डोळा रोज सारखा चालत नाही. डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवले की कधी एक आकडा जास्त मिळतो. वरच्या प्रतींत एका आकड्याने किमतीत मोठा फरक पडत असल्याने काही व्यापाऱ्यांनी असे पुन्हा पुन्हा पाठवण्याचाच उद्योग केला.

यावर उतारा म्हणून पीसीजीएसने 1990 मध्ये ‘एक्सपर्ट’ नावाची संगणक यंत्रणा जाहीर केली. ती मॉर्गन डॉलर या एकाच प्रकारच्या चांदीच्या नाण्यासाठी होती. त्याच सुमारास कॉम्प्युग्रेड नावाची दुसरी कंपनी थेट दशांशात प्रत देऊ लागली. दोन्ही प्रयत्न टिकले नाहीत. यंत्र मंद होते, छायाचित्रे भरड होती, आणि ओरखडा म्हणजे काय, झळाळी म्हणजे काय, याचे नियम माणसाला आधी लिहून द्यावे लागत. हे नियम लिहिणेच तर अवघड होते.

2010 मध्ये पीसीजीएसने नाण्याची डिजिटल ओळख नोंदवून ठेवायला सुरुवात केली. तेच नाणे पुन्हा आले किंवा मधल्या काळात त्यावर काही कारागिरी झाली, तर यंत्राने सांगावे हा हेतू. 2021 मध्ये याच कंपनीच्या मालकांनी संग्राहक जमवतात त्या पत्त्यांची (ट्रेडिंग कार्डांची) प्रतवारी संगणकाने करणारी जेनामिंट ही कंपनी विकत घेतली. पत्ते छापील आणि सपाट, म्हणून यंत्राला सोपे. नाण्यांसाठी हेच तंत्र येणे हा आता फक्त वेळेचा प्रश्न आहे.

यंत्र पाहते कसे?

संगणकासाठी छायाचित्र म्हणजे लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा आकडा. आजच्या पद्धतीत त्याला नियम लिहून देत नाहीत. हजारो नाण्यांचे फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाबरोबर जाणकाराने दिलेली प्रत सांगायची. कोणत्या खुणा कोणत्या प्रतीबरोबर येतात, हे यंत्र स्वतः शोधून काढते. मग नवे नाणे दाखवले की ते अंदाज बांधते. थकवा नाही, ओळखपाळख नाही, आणि सकाळी व संध्याकाळी एकाच फोटोला एकच उत्तर. हे त्याचे खरे बळ.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. नव्या चांदीच्या नाण्याची झळाळी हात हलवला की फिरते. एका फोटोत ती एका जागी गोठते. म्हणून चांगली यंत्रणा वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून अनेक फोटो घेते. ओरखडा आणि सावली, झीज आणि मुळातच कच्चा उठलेला ठसा, यांत यंत्राची गल्लत होते. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा ओलावा यंत्र मोजते, तरी आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेऊन डाग आणि काडीकचरा पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. नाण्यांतही बराच काळ असेच दोघांचे मिळून काम चालेल.

नाणी ओळखणारी यंत्रे हा काही नुसता कल्पनेचा खेळ नाही. 2002 मध्ये युरोपात युरो नाणी आली आणि जुन्या चलनांची नाणी लोकांनी धर्मादाय संस्थांना दिली. सुमारे 300 टन नाणी, डझनावारी देशांची, एकमेकांत मिसळलेली. ती निवडण्यासाठी ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी ‘डागोबर्ट’ नावाचे यंत्र तयार केले. कॅमेऱ्याखालून धावणारे नाणे ओळखून ते वेगळे काढत असे. ओळखण्याचे काम यंत्र तेव्हाच शिकले होते. प्रत ठरवणे ही त्यापुढची पायरी आहे.

नांदेडने हे आधीच केले आहे

संगणकाने प्रतवारी करण्याचे एक जगन्मान्य काम नांदेडमध्ये झालेले आहे. फक्त ते नाण्यांवर नव्हे, डोळ्यांवर झाले.

नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या विकाराची छायाचित्रे एकत्र केली. ती नांदेडच्याच एका नेत्र दवाखान्यातल्या रुग्णांची होती. त्यांतली 516 निवडली गेली. प्रत्येक छायाचित्राला तज्ज्ञांनी 0 ते 4 अशी विकाराची प्रत दिली. 81 छायाचित्रांत तर बिघाडाचा एकेक ठिपका कुठे आहे, हेही बारकाईने आखून दाखवले. 413 छायाचित्रे यंत्राला शिकवायला ठेवली आणि 103 त्याची परीक्षा घ्यायला. ‘आयडीआरआयडी’ या नावाने हा संच 2018 मध्ये जगासाठी खुला झाला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत देशोदेशींच्या संशोधकांनी त्यावर आपापली यंत्रणा पारखून घेतली.

या कामात शिकण्यासारखे बरेच आहे. त्यापूर्वीचे गाजलेले संच मुख्यतः परदेशी रुग्णांचे होते. भारतीय रुग्णांचे डोळे तपासायचे तर यंत्राला भारतीय डोळे दाखवले पाहिजेत, हे नांदेडकरांनी ओळखले आणि करून दाखवले. छायाचित्रे लाखांत नव्हती, पाचशेच होती. पण त्यांच्यावरची नोंद तज्ज्ञांची होती, आणि किंमत होती ती त्या नोंदीची.

नाण्यांचे नेमके हेच आहे. अमेरिकी डॉलरांवर शिकलेले यंत्र हाली रुपयासमोर अडाणीच ठरणार. त्याने ‘ऐन’ पाहिलेले नाही. फारशी अंकांतला हिजरी सन त्याला वाचता येत नाही. यंत्रावर पाडलेली चारमिनारची नाणी तरी एकसारखी आहेत. त्याआधीची हाताने पाडलेली नाणी अधिकच वेगळी. त्यांत साचा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरे नाण्याबाहेरच राहिलेली. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईचेही तसेच. अशा नाण्यावर अक्षर नसणे ही झीज नव्हे. ते तिथे कधी उमटलेच नव्हते. यंत्राला हा फरक शिकवला नाही तर ते उत्तम शिवराईला भंगार ठरवील. लातूरपासून जवळच असलेल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनांच्या काळातला ठेवा आहे. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना सत्तरची मोजपट्टी लावणेच मुळात चुकीचे ठरेल.

कायद्याचाही भाग आहे. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे महबूब अलींचे सगळे रुपये आणि उस्मान अलींचे सुरुवातीचे रुपये अमेरिकेतल्या कंपनीकडे प्रतवारीला धाडणे कायद्यात बसत नाही. दर वर्षी आणखी एका सालाची नाणी शंभरी ओलांडून या यादीत येतात. आपल्या नाण्यांची प्रतवारी आपल्याच देशात व्हायला हवी, हे त्यामुळे आपोआपच ठरते. आणि छायाचित्रावरून पारख करणारी यंत्रणा इथे तयार झाली, तर नाण्याला जिल्हाही सोडावा लागणार नाही.

आकड्यात न मावणारे

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हे रुपये बाहेर निघतात. पूजेआधी चिंच, राख किंवा पावडर लावून लख्ख घासले जातात. करणाऱ्याचा भाव चांगलाच असतो, पण नाण्यावर वर्षानुवर्षे चढलेली काळी-निळी झाक आणि तिच्याखालची मूळ झळाळी दोन्ही जातात. भिंगाखाली पाहिले तर चारमिनारच्या भोवतालच्या सपाट जागेत केसासारख्या शेकडो रेघा दिसतात. जाणकाराला त्या दिसतात, आणि यंत्राला तर पहिल्या फटक्यात दिसतील.

नांदेड-लातूरच्या बंजारा तांड्यांवर जुन्या रुपयांना कडी डाखून केलेले दागिने बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवले. प्रतवारी करणाऱ्या कंपन्या डाखलेल्या नाण्याला आकडा देत नाहीत; खराब झालेले, अशी नोंद करतात. त्यांच्या नियमाने ते बरोबर असेल. पण कोणत्या सालचे रुपये कोणत्या तांड्यावर पोहोचले, हे सांगणारा तो अस्सल पुरावा आहे, आणि चांगला आकडा मिळावा म्हणून तो दागिना मोडणे ही हानीच ठरेल. यंत्र नाण्याची अवस्था सांगील. त्याचे महत्त्व माणसाला ठरवावे लागेल.

फसवणुकीचे भानही ठेवायला हवे. जुने नाणे द्या आणि लाखो रुपये घ्या, अशा जाहिरातींना भुलून लोक ‘शुल्क’ भरतात आणि पैसे गमावतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर निवेदन काढून बजावले होते की, जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. उद्या हेच भामटे ‘संगणकाने दिलेली प्रत’ दाखवू लागतील. ती प्रत कुणी दिली, यंत्र कोणत्या नाण्यांवर शिकले आणि त्याची परीक्षा कुणी घेतली, हे विचारण्याची सवय ग्राहकाला लागली पाहिजे.

आता करायचे काय?

या कामाला लागणारी माणसे आणि संस्था जवळच आहेत. छायाचित्रे पारखणारे संगणक संशोधक नांदेडला आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे आणि त्याचे उपकेंद्र लातूरला. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था 1980 पासून काम करते आहे. सराफांकडे मिलिग्रॅमपर्यंत मोजणारे काटे आहेत. पाचशे हाली नाण्यांचे नीट काढलेले फोटो आणि प्रत्येकावर दोन-तीन जाणकारांची नोंद, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. डोळ्यांच्या कामातही ती तेवढ्यावरच झाली होती.

वेळ मात्र थोडा आहे. निजामी राजवटीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेली, नाण्यावरची ओळ सहज वाचणारी पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. आणि चांदीचा भाव चढला की आटणीत पडणारी नाणी वाढतात. आटलेल्या नाण्याची प्रत कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

म्हणून वाचकांनो, घरात हाली किंवा कलदार रुपया असेल तर तो घासू नका. पूजा करायची तर हळदीकुंकू वाहा, आणि नंतर मऊ कापडाने नुसते टिपून घ्या. नाणे कडेने धरा. खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा. वजन करून घ्या, ते कुणाकडून आले ते कागदावर लिहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यावरची ओळ वाचून घ्या. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती वाटून घेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. आणि रुपया मोडायचाच असेल, तर सराफाच्या काट्यावर ठेवण्याआधी चारमिनारच्या दारात अक्षर कोणते आहे, ते भिंगातून एकदा पाहा.